कापूर न टाकलेलं पाणी

झैतूनबी मेलेल्या बायकांना आंघोळ घालते.
वाळपईत आमच्यातल्या कुठल्या घरात बाई गेली
की आधी तिला हाक जाते, मग कबर खणणाऱ्याला.
तिच्या पिशवीत कापडाचे हातमोजे, कात्री, कापराची डबी
आणि परसातल्या बोरीचा पाला,
दर वेळी ताजा तोडलेला.

त्या वर्षी मी मेले नव्हते.
नवरा मस्कतला, कुशीत तीन महिन्यांचा मुलगा,
आणि एकवीस दिवस अंगावर पाणी नाही.
बाळ रडायचं ते शेजारच्या घरात रडल्यासारखं.
पोदेराचा भोंगा वाजायचा, पाव यायचे,
रात्रीपर्यंत चिवट होऊन तसेच पडायचे.
नमाजला उभी राहायचे
तर अल्हम्द अर्ध्यावर निसटायचा,
कळशी निसटते विहिरीत तसा,
आणि मी काठाशी ऐकत राहायचे,
खालून आवाज येतो का.

सासू वाईट नव्हती.
तिने ताईत आणला, फुंकलेलं पाणी आणलं.
आधी म्हणाली, नजर असेल.
मग म्हणाली, ईमान कमी पडतंय पोरीचं.
ते लागलं,
कारण मलाही तेच वाटत होतं.

झैतूनबी आली गुरुवारी. कुणी बोलावलं, ठाऊक नाही.
तिची पिशवी बघून मी म्हटलं, खाला, अजून आहे मी.
म्हणाली, दिसतंय. उठ गो.

न्हाणीत भाणभर पाणी तापवलं,
पाला उकळला, त्याचा हिरवा फेस
माझ्या जटांमध्ये बोटांनी मुरवला.
उजवी बाजू आधी, मग डावी,
वर चादर धरून, जशी त्यांच्यावर धरते,
लाज राखून.
किती गार पाठी चोळल्या असतील त्या हातांनी.
तिच्या तळव्याखाली माझी पाठ दचकली.
ती हसली,
"त्या अशा दचकत नाहीत."
शेवटच्या तांब्याआधी सवयीने डबी उघडली,
वास घेतला, झाकण लावलं.
"ह्याला वेळ आहे."

सोमवारी बांबोळीला.
कदंबाच्या बसमध्ये बाळ तिच्या मांडीवर.
होंडा गेलं, साखळी गेली,
मी म्हटलं, वेड्यांचं इस्पितळ ते,
लोक काय म्हणतील?
"लोकांना मी ओळखते.
अर्ध्या गावाची शेवटची आंघोळ माझ्याकडे आहे."

डॉक्टरणीने झोप विचारली, भूक विचारली,
विहिरीकडे बघून काही मनात येतं का, विचारलं.
मी हो म्हटलं.
पहिल्यांदाच कुणासमोर.
तिने पेन खाली ठेवलं, आणि थांबली.

परतताना विचारलं, ताईत काढू का?
"राहू दे दंडावर. गोळी पोटात.
दोघांचं काय भांडण आहे?"
आणि नमाज?
खिडकीबाहेर कुळागरं मागे पळत होती.
"जमेल तेवढी म्हण. नाहीच जमली
तर मुसल्ल्यावर नुसती बस.
पुढचं त्याला पाठ आहे."

बसले.
कितीतरी दिवस नुसतीच.
एका असरला कळशी हाताशी आली,
भरलेली नव्हती,
पण आली.

चार वर्षं झाली. अजून काही सकाळी
अंथरूण मला सोडत नाही.
रमजानमध्ये गोळी सहरीला घेते,
डॉक्टरणीला विचारून.
आणि झैतूनबीला हाक आली की
पाण्याच्या बादल्या मी उचलते.

परवा नगरगावात एक म्हातारी गेली.
टाचांच्या भेगांत अजून शेणमाती होती,
मी ती हळू काढली, दुखेल म्हणून.
झैतूनबी काही बोलली नाही.
दारात तिची सून उभी,
कडेवर तान्हं, केसांच्या गाठी,
आमच्याकडे बघत होती
की भिंतीकडे, कळत नव्हतं.

कापूर संपला.
पाला थोडा उरला होता.
मी तो ओढणीच्या टोकाला बांधला.